पाण्याचा रकाना

आई गेल्यावर सात आठवड्यांनी माझे जिवाणू मरायला लागले.

तसे ते मरायचेच होते. सूक्ष्मजीवांच्या शरीरक्रियाशास्त्रात बहुतेक लोक जिवाणू वाढतात कसे ते पाहतात. मी ते उपाशी किती दिवस तग धरतात ते पाहत होते. भरपूर खाऊ घालून वाढवलेल्या पेशी स्वच्छ धुवायच्या आणि ज्यात अन्नाचा कणही नाही अशा क्षारांच्या द्रावणात सोडायच्या. मग रोज त्यातला थेंब काढून ताटलीवर पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी किती ठिपके उगवले ते मोजायचं. एक ठिपका म्हणजे काल जिवंत असलेली एक पेशी.

पहिल्या वर्षी मातीतून मिळवलेल्या एका जिवाणूवर मी हे तीनदा केलं. तिन्ही वेळा बाराव्या दिवशी हजारात एखादी पेशी उरली. मग त्या उरलेल्यांची पिल्लावळ वाढवली, तिला पुन्हा उपाशी ठेवलं, पुन्हा उरलेल्यांची पिल्लावळ वाढवली. असं दीड वर्ष चाललं. शेवटी जी जात हाती आली, ती चाळीस दिवसांनंतरही निम्मी जिवंत असायची. माझे मार्गदर्शक सर तिला ‘भूक सोसायला शिकलेली जात’ म्हणायचे. त्यावरचा आमचा लेख छापून आला होता. दोन ठिकाणांहून ती जात मागवली गेली होती. माझा प्रबंध सहा आठवड्यांनी द्यायचा होता, आणि त्याआधी एक शेवटची फेरी करून टाक, असं सरांनीच सांगितलं होतं.

त्या फेरीच्या बाराव्या दिवसाच्या ताटल्या समोर घेतल्या, तर त्या जवळजवळ कोऱ्या होत्या.

आमच्या विभागात माध्यमं आई करायची. माध्यम म्हणजे जिवाणूंचं खाणंपिणं: रस्सा, ताटलीत गोठवायची खळ, क्षारांची द्रावणं. तळमजल्यावर तिची खोली होती, एक लांब ओटा, दोन तराजू आणि वाफेवर सगळं निर्जंतुक करणारा, कुकरचा थोरला भाऊ शोभेल असा ऑटोक्लेव्ह. सत्तावीस वर्षं ती तिथे होती. मी आठ वर्षं शाळेत शिकवून तिशी उलटल्यावर संशोधनाला आले, तेव्हा बरोबरीची मुलं चिडवायची, “तुझं काय बाई, घरीही आईच्या हातचं आणि इथेही आईच्या हातचं.” सर म्हणायचे, “बाईंच्या हाताला गुण आहे. त्यांच्या माध्यमात मेलेलंसुद्धा उठून बसेल.”

तिच्या जागी आलेला माणूस तिच्याहून काटेकोर होता. एकदा वजन करायचा, वहीत लिहायचा आणि मग पुन्हा वजन करायचा. आठवड्याभरात सगळे त्याला मिलिग्रॅम म्हणायला लागले. त्यालाही ते आवडलं असावं. कोऱ्या ताटल्या पाहिल्यावर मी सरळ त्याच्याकडे गेले. क्षारांच्या बरण्या तपासल्या. आम्लता तपासली. त्याच्याकडून द्रावण नव्यानं करून घेतलं आणि तो करत असताना शेजारी उभी राहिले.

“माझंच काहीतरी चुकत असेल, मॅडम,” तो म्हणाला.

“तसं मी म्हटलं नाही.”

“नाही, पण आधी होत होतं ना नीट.”

दुसरी फेरीही बाराव्या दिवशी संपली. त्याच आठवड्यात एक पत्र आलं. आमची जात मागवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीचं होतं. ती त्या जातीवरच आपला प्रबंध करणार होती. तिनं लिहिलं होतं, माझ्याकडे त्या पेशी दोन आठवडेही टिकत नाहीत. चार वेळा केलं. माझं काय चुकतंय ते कृपया सांगाल का? पत्राची भाषा इतकी अजिजीची होती, की मी ते दोन दिवस उत्तर न देता ठेवलं.

माध्यमांच्या खोलीला लागून बाटल्या धुण्याची खोली आहे. तिथल्या मावशी आईच्या आधीपासूनच्या. मी निथळत ठेवलेल्या बाटल्यांमधून माझ्या शोधत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, “सापडलं का काही?”

“नाही.”

“मग त्या मिलिग्रॅमला किती दिवस छळणार आहेस? काल डबा न उघडता तसाच घरी घेऊन गेला.”

“मी कुठे छळते, मावशी?”

“छळत नाहीस, पाण्यात पाहतेस. आल्या दिवसापासून. आईच्या खुर्चीवर बसला, हाच त्याचा गुन्हा.”

मी पुन्हा बाटल्यांकडे वळले.

“माणसाला पाण्यात पाहणं सोड,” मावशी म्हणाल्या, “आणि एकदा नुसतं पाणी बघ.” कोटी साधली की त्या स्वतःच आधी हसतात. या वेळी हसल्या नाहीत.

“म्हणजे?”

“म्हणजे तुझ्या बाटल्या बघ आता. आरसा. वर्षभर त्यांच्या बुडाला पांढरं धरायचं, किटलीला धरतं ना तसं. ॲसिड घालून घासायचे मी.”

“मला बोलला नाहीत कधी.”

“तिला बोलले. म्हणाली, माहीत आहे मला, तू घास.”

“कुठलं पाणी घ्यायची ती?”

“ते मला काय ठाऊक? काखेत कळसा नि गावाला वळसा तुझा. वही आहे की तिची.” मग हात पुसत, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “वर जात नव्हती, एवढं ठाऊक आहे. लिफ्ट बंद पडली तशी तिसऱ्या मजल्यावर गेलेली मी पाहिली नाही तिला. मी म्हटलं, मी आणते. तर म्हणे, तुझे गुडघे तुझ्यापाशी ठेव.”

तिसऱ्या मजल्यावर आमचं डिस्टिल्ड पाणी तयार होतं. पाणी उकळून, वाफ थंड करून मिळवलेलं, ज्यात पाण्याशिवाय काही नाही असं. ते दहा लिटरच्या डब्यात भरून खाली आणायचं असतं.

आईची वही ओट्याखालच्या फळीवर होती. रकाने तिनंच आखलेले: तारीख, काय केलं, किती, पाणी, ऑटोक्लेव्हची वेळ, सही. ‘पाणी’ या रकान्यात ओळीमागून ओळ एकच गोष्ट लिहिलेली होती, ‘डि. पाणी’. मी पानं मागून पुढे आणत गेले. एका मंगळवारी, माझ्या द्रावणाच्या ओळीत, नुसतं ‘पाणी’ होतं.

पाण्याच्या रकान्यात पाणी. त्यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाणी. त्यानंतर चौदा महिने पाणी, म्हणजे खोलीतल्या नळाचं, ती शेवटची कामावर आली त्या दिवसापर्यंत. अधूनमधून रंगांची द्रावणं होती, पाव लिटर, अर्धा लिटर; त्यांच्या ओळीत ‘डि. पाणी’ तसंच होतं. तेवढं तिला पेलत असावं, किंवा कुणी बाटलीभर आणून देत असावं. रश्श्यालाही तिनं नळाचं पाणी घातलं होतं, पण रश्श्यात इतकं काही असतं की त्याला फरक पडत नाही. माझं द्रावणही तिनं त्याच हिशेबात धरलं. ती ते द्रावण करताना एकदा म्हणाली होती, “तुझं बरं आहे, यात काही नसतंच.” ज्यात काही नसतं त्यालाच सगळ्यात जास्त जपावं लागतं, हे सत्तावीस वर्षं माध्यमं करणाऱ्या बाईला सुचलं नाही. मलाही सुचलं नव्हतं, मी तर त्याच विषयात पदवी घेणार होते.

प्रत्येक महिन्याच्या शेवटी आडवी रेघ होती. तिच्याखाली ‘तपासले’, आणि सही. संशोधन करणाऱ्यांपैकी एकानं ते काम करायचं असतं. ते माझ्याकडे होतं. चौदा रेघा, चौदा सह्या, सगळ्या माझ्या.

मला त्या सह्या आठवतात. मी दारातच उभी असायचे. ती वही माझ्याकडे फिरवायची, पानावर बोट ठेवायची आणि म्हणायची, “बघ नीट.” आणि मी म्हणायचे, “तुझं काय बघायचं, आई,” आणि सही करून पेन तिच्याकडे द्यायचे.

त्या संध्याकाळी मी लेखातला माझा आलेख बाहेर काढला. उपासमारीच्या फेऱ्यांप्रमाणे तग धरण्याची ताकद कशी हळूहळू वाढत गेली, ते दाखवणारा. लेखातली सगळ्यात सुंदर आकृती, असं सर म्हणाले होते. खालचे आकडे पाहिले, तर हळूहळू काहीच वाढलेलं नव्हतं. पहिल्या फेऱ्यांमध्ये सगळे बिंदू खाली, त्यानंतर सगळे वर. मधे एक पायरी होती. शिकणं सावकाश होतं असं मी धरून चालले होते, म्हणून त्या पायरीवरून मी एक गोलसर रेघ फिरवली होती. पायरीची तारीख त्याच मंगळवारची होती.

बाबांकडून दवाखान्याची फाइल मागून घेतली. पहिला अहवाल त्या मंगळवारच्या नऊ दिवस आधीचा होता. मणक्यात डाग, खांद्यात डाग, वजन उचलू नये. आम्हाला तिनं सांगितलं ते त्यानंतर दहा महिन्यांनी, तेही अहवाल नवाच आहे असं भासवून. त्यानंतरही ती कामावर जात राहिली. बसूनच तर काम आहे, म्हणायची. तेव्हासुद्धा मला विचारावंसं वाटलं नाही, की मग पाणी कोण आणतं.

मी चार बाटल्या मांडल्या. शिकलेली जात आणि पहिल्या वर्षीची, न शिकलेली, जी गोठवून ठेवलेली होती. दोन्ही डिस्टिल्ड पाण्यात, दोन्ही नळाच्या पाण्यात. न शिकलेली जात मी कधीच पुन्हा शेजारी ठेवून पाहिली नव्हती. तीनदा झालंय की, परत कशाला, असं तेव्हा सर म्हणाले होते आणि मला ते सोयीचं वाटलं होतं. डिस्टिल्ड पाण्याचा डबा मी स्वतः तिसऱ्या मजल्यावरून आणला. मधे दोनदा टेकवावा लागला. मिलिग्रॅम जिन्यात धावत आला, पण मी दिला नाही.

बारा दिवसांनी डिस्टिल्ड पाण्यातल्या दोन्ही मेल्या होत्या. नळाच्या पाण्यातल्या दोन्ही जिवंत होत्या, जवळपास सगळ्याच्या सगळ्या. कुणीच काही शिकलेलं नव्हतं. नळाच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचा अंश असतो. पेशीचं आवरण फाटू नये म्हणून तेवढा पुरतो.

मिलिग्रॅम ताटल्यांकडे बघत शेजारी उभा होता. “म्हणजे माझं चुकलं नव्हतं ना, मॅडम?”

“नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मी तुमच्याशी वाईट वागले.”

“छे, छे,” तो म्हणाला, आणि घाईघाईनं ताटल्यांची संख्या वहीत लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्यानं त्या पुन्हा मोजल्या.

मुदतीला नऊ दिवस होते. मी वही आणि आकडे सरांपुढे ठेवले. सरांना वेळ लागला. त्यांनी चष्मा काढून ‘पाणी’ या शब्दावर बोट ठेवलं आणि तसंच खाली सरकवत नेलं.

“बाईंनी असं करावं,” ते म्हणाले. “प्रबंधातून तो भाग काढून टाकू. लेख मागे घ्यायचा तर घेऊ. निष्कर्ष पुन्हा मिळत नाहीत, एवढं एक वाक्य पुरतं. कारण द्यायलाच हवं असं नाही.”

“ती दुसरी मुलगी आहे, सर. तिला वाटतंय तिचं चुकतंय.”

“तिला कळव, दुसरा विषय घे म्हणून.”

“का, ते न सांगता?”

“तू माझं ऐकून घे. मी माझ्या लेखासाठी बोलत नाही. म्हणजे, त्याच्यासाठीही बोलतोय, खोटं कशाला बोलू. पण वाचणारे काय वाचतील? माध्यमं करणाऱ्या बाईनं नळाचं पाणी घातलं. एवढंच. त्यांना तिचा मणका दिसणार नाही, बंद लिफ्ट दिसणार नाही. सत्तावीस वर्षं तर नाहीच नाही. आज तिच्याबद्दल या इमारतीत कुणी वावगा शब्द काढत नाही. झाकली मूठ आहे, ती राहू दे.”

“आणि माझ्या सह्या?”

“सह्या कोण बघतं?”

तेच तर, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. सर दुष्ट नव्हते. ती आजारी असताना दर आठवड्याला येऊन बसणारे तेच होते.

“दोन दिवस घे,” ते म्हणाले. “घाई करू नकोस.”

मी घरी पत्र लिहायला घेतलं. नियतकालिकाला, सरांना आणि त्या मुलीला, तिघांना चालेल असं एकच. रविवार होता. बाबा शेजारी भाजी निवडत बसले होते. बाबा आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आता डोळे अधू झालेत, तरी दुकानांच्या पाट्यांमधल्या चुका चालता चालता सांगतात. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मी वहीच्या पानांच्या प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, “बाबा, यात काही दिसतं का बघा.”

त्यांनी हात धुतले, भिंग आणलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली, प्रत्येक रकाना. मी चौदा महिन्यांत जे पाहिलं नव्हतं, त्याला त्यांना पाच मिनिटं लागली.

“इथे अक्षर पडलंय,” ते म्हणाले. मग पुढचं पान पाहिलं, आणि त्याच्या पुढचं. “पडलेलं नाही. काढलंय.”

मी त्यांना सगळं सांगितलं. पाण्याचं, जिवाणूंचं, तारखांचं. फाइलमधली तारीख सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू एखादं जुनं उत्तर आता जुळत होतं.

“बाजाराची पिशवी त्याच सुमाराला माझ्याकडे द्यायला लागली ती,” ते म्हणाले. “मला वाटलं, नवरा घरी बसला म्हणून कामाला लावते. मी कुरकुरलोही होतो.”

“मी तर सही केली, बाबा. चौदा वेळा.”

“हं,” ते म्हणाले. त्यांनी मला समजावलं नाही. त्याचं मला बरं वाटलं. थोड्या वेळानं म्हणाले, “पत्र वाच.”

मी वाचलं. ‘सदर तारखेपासून उपासमारीचे द्रावण नळाच्या पाण्यात केलेले होते. माध्यम-कक्षातील कर्मचाऱ्याने नोंदवहीत तशी नोंद केलेली होती. नोंदवही तपासण्याची जबाबदारी माझी होती. मी ती न वाचता सही केली.’ पुढे चार बाटल्यांचे आकडे होते.

“कर्मचारी कोण?” बाबांनी विचारलं.

“आई.”

“मग तसं लिही.”

“नाव नको, बाबा. लोक तिला बोल लावतील. सरही तेच म्हणाले.”

“लावतील की. नळाचं पाणी घातलंच तिनं.” त्यांनी प्रत उचलून उजेडात धरली. “पण हे बघ. हिला लपवायचंच असतं, तर ‘डि’ लिहायला कितीसं बळ लागलं असतं? सवयीनंसुद्धा हात तेच लिहून गेला असता. इतक्या वर्षांची सवय. ती दर वेळी थांबून ते गाळत होती. तिला डबा जड झाला होता, अक्षर जड झालं नव्हतं.”

मीही वाकून ते पान पाहिलं.

“आणि प्रत्येक ओळीपुढे सही केलीये बघ तिनं. एकदाही टाळली नाही. तू ती खोडून तिथे हुद्दा बसवतेस. कुणासाठी? तिच्यासाठी?”

पत्रात आईचं नाव नसेल, तर ते वाचणारं कुणी मला विचारणार नाही, की तू तिची कोण. हे मी तोवर स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

“कर्मचाऱ्यानं हा शब्द काढ,” बाबा म्हणाले. “नाव घाल. पूर्ण.”

मी खोडलं. तिचं नाव लिहिलं, पुढे आडनाव लिहिलं. त्याला लागूनच ‘माझी आई’ हे दोन शब्द घातले, स्वल्पविरामांच्या मधे. कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी भिंग लावून तेवढीच ओळ दोनदा वाचली आणि खिशातलं लाल पेन काढून नाव आणि आडनाव यांच्यामध्ये काकपदाची खूण केली.

“मधलं गाळलंस,” ते म्हणाले.

मधलं नाव त्यांचं होतं. मी ते घातलं. त्याच दुपारी पत्र तीन ठिकाणी पाठवलं, सगळ्यात आधी त्या मुलीला.